तक्रार पत्र: माडीवरच्या संगणकासाठी दुसरी जोडणी नको, माझा राउटर चालू करून द्या

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरगुती ब्रॉडबँड जोडणीवर ग्राहकाचा स्वतःचा वायरलेस राउटर चालू करून न देणे व दुसऱ्या जोडणीचा आग्रह धरणे याबाबत

महोदय,

वाईतल्या आमच्या घरी तुमची फायबरची जोडणी आहे. योजना २०० एमबीपीएसची आहे, बिल आगाऊ भरले जाते आणि आजवर कधी थकलेले नाही. फोनवर दिलेली माझी तक्रार तुमच्या लोकांनी 'वेग कमी' अशी नोंदवली आणि 'फायबरवर सिग्नल व्यवस्थित आहे' असे सांगून बंद करून टाकली. सिग्नल व्यवस्थित आहे हे मलाही माहीत आहे. अडचण फायबर घरात आल्यानंतरची आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घर जुन्या पद्धतीचे आहे. खाली ओसरी आणि माजघर, वर माडी. जोते दगडाचे, त्यावर पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती. फायबर रस्त्याकडून ओसरीत येते आणि तुमचा राउटर तिथेच खिळ्याला टांगलेला आहे. माझे पती कर सल्लागार आहेत, ते माडीवर बसतात. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिचा लॅपटॉप मागच्या खोलीत असतो. माझी शाळेची कामे माजघरातल्या संगणकावर चालतात. एक जोडणी आणि तीन संगणक, एवढीच आमची गरज आहे.

तुम्ही दिलेला राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या खोक्यावर ३०० एमबीपीएस लिहिले आहे, पण तो आकडा हवेतल्या आदर्श परिस्थितीतला असतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या आळीत घरोघरी राउटर आहेत आणि सगळे याच तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसलेले आहेत. त्यात मातीच्या जाड भिंती. माडीवर पोचेपर्यंत लहरींत फारसे बळ उरत नाही. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रे भरायच्या शेवटच्या दिवशी, पोर्टल मध्येच तुटते आणि पतींना लॅपटॉप घेऊन ओसरीत येऊन बसावे लागते. एका दिवसाचा उशीर झाला तरी विलंब शुल्क ५० रुपये, आणि ते त्यांच्या अशिलाला पडते.

वाय-फाय बाजूला ठेवू. राउटरला थेट केबल लावून वेग मोजला तर तो ९४ च्या आसपास येऊन थांबतो. पहाटे मोजा, रात्री मोजा, तेवढाच. याचे कारण उघड आहे. तुमच्या राउटरची सगळी पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, १०० एमबीपीएसची आहेत. २०० ची योजना विकून तिच्यापुढे १०० चे दार बसवले आहे. हे तुमच्या तंत्रज्ञांना माहीत नसेल, हे मला पटत नाही. योजना विकताना हे एका वाक्यात सांगता आले असते.

म्हणून आम्ही स्वतःच्या खर्चाने सोय केली. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टचा राउटर घेतला. ओसरीपासून माडीपर्यंत कॅट-६ नेटवर्क केबल ओढून घेतली आणि वरच्या टोकाला तिथल्यापुरते वाय-फाय देणारा अॅक्सेस पॉइंट बसवला, म्हणजे लहरींना भिंती ओलांडायची वेळच येऊ नये. नवा राउटर तुमच्या ओएनयूला, म्हणजे फायबर जिथे संपते त्या पेटीला जोडला, तर जोडणी सुरूच झाली नाही. तुमचा तंत्रज्ञ आला. मुलगा सज्जन होता, त्याच्याविषयी काहीच तक्रार नाही. त्याने खरे कारण सांगितले: "काकू, तुमचं खातं कंपनीच्या राउटरच्या मॅक पत्त्याला बांधलंय, ते ऑफिसातूनच सुटतं." मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक. ऑफिसात फोन केला तर उत्तर मिळाले की ग्राहकाचा राउटर धोरणात बसत नाही, जास्त संगणक म्हणजे जास्त भार, वरच्या मजल्यासाठी दुसरी जोडणी घ्या.

हा भाराचा युक्तिवाद मला मान्य नाही. तुमच्या यंत्रणेत माझे खाते एकच आहे. राउटर पीपीपीओईचे (ब्रॉडबँडला लॉगिन करायच्या पद्धतीचे) युजरनेम आणि पासवर्ड देऊन लॉगिन करतो आणि त्याला तुमच्याकडून एकच इंटरनेट (आयपी) पत्ता मिळतो. घरातल्या यंत्रांना तो १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो आणि सगळ्यांची ये-जा त्या एकाच पत्त्यावरून करतो. राउटरचे कामच हे आहे. मागे एक संगणक असो की पाच, वेगाला तुमच्या बाजूने २०० ची मर्यादा लावलेली आहे आणि महिन्याचा डेटाही एकाच खात्यावर मोजला जातो. ठरलेल्यापेक्षा जास्त आम्हाला घेताच येत नाही. घेतलेले घरात कसे वाटायचे, हे आमचे आम्ही ठरवू. नळाचे पाणी मीटरमधून घरात आले की ते स्वयंपाकघरात वापरायचे की मोरीत, हे नगरपालिका विचारत नाही.

तुमच्याच एका प्रतिनिधीने सुचवले की कंपनीच्या राउटरच्या मागे तुमचा लावा. तसा तो चालतो, नाही असे नाही. पण मग सगळे घर पुन्हा त्याच १०० च्या पोर्टमधून जाते आणि पत्त्यांचे रूपांतर दोनदा होते, एकदा माझ्या राउटरवर आणि एकदा तुमच्या. मुलीला प्रकल्पासाठी कॉलेजमधून घरच्या संगणकावर यावे लागते, ते अशा मांडणीत नीट जमत नाही. शिवाय तुमच्या राउटरचे सेटिंगचे पान कुलूपबंद आहे. वाय-फायचा पासवर्ड माझा मोबाइल नंबर ठेवलेला आहे, जो अर्ध्या आळीला पाठ आहे, आणि तो बदलायलासुद्धा तुम्हाला फोन करावा लागतो. घराच्या सुरक्षेच्या दृष्टीने मला हे सगळ्यात जास्त खुपते.

माझे मागणे असे की खात्यावरचे मॅक बंधन काढावे, पीपीपीओईचे युजरनेम आणि पासवर्ड मला द्यावेत आणि तुमचा राउटर परत नेऊन त्याची अनामत रक्कम परत करावी. राउटर तुमचाच हवा असा आग्रह असेल, तर २०० चा वेग खरोखर पुढे देणारा, गिगाबिट पोर्टचा द्या आणि त्याच्या सेटिंगचा पासवर्ड माझ्या हाती द्या. शिवाय जोडणी घेतल्यापासून या घरात २०० चा वेग पोचणे शक्यच नव्हते, तेव्हा १०० च्या योजनेपेक्षा जास्त घेतलेले पैसे पुढच्या बिलांत वळते करावेत.

या तक्रारीचा डॉकेट क्रमांक मला एसएमएसने कळवा. आधीची तक्रार मला न विचारता बंद झाली, तसे पुन्हा होऊ नये. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार समाधान झाले नाही तर ३० दिवसांत तुमच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क जाता येते आणि तिथे ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो, हे मी वाचले आहे. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, हेही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही, पण दुसरी जोडणी मी घेणार नाही.

वेग मोजल्याची छायाचित्रे, राउटरच्या मागच्या लेबलचा फोटो आणि नव्या राउटरची पावती सोबत जोडली आहे. माणूस पाठवणार असाल तर शाळा सुटल्यावर, संध्याकाळी पाठवा आणि त्याआधी मॅक बंधन ऑफिसातून काढून ठेवा, नाहीतर त्या मुलाची फेरी पुन्हा फुकट जाईल.

कळावे,

आपली,
एक ग्राहक, वाई
(ग्राहक क्रमांक व पत्ता आपल्या नोंदीप्रमाणे)