कोडिंगसाठी गाण्याचा क्लास बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालांच्या दिवसांत आपल्या बेळगाव आवृत्तीने करिअर मार्गदर्शनाची पुरवणी काढली. तिच्यातल्या एका लेखात पालकांना सल्ला होता, की मुलाला सॉफ्टवेअरमध्ये घालायचं असेल तर गाणं, नाटक, अवांतर वाचन आतापासूनच कमी करा, ते नोकरी लागल्यावरही होईल. मी शहापुरात राहते, पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून प्रोग्रॅमिंग करते आणि सुट्टीच्या दिवशी इंजिनिअरिंगच्या काही मुलांना शिकवते. त्यांच्यातल्या एका मुलीचा हार्मोनियमचा क्लास हा लेख वाचून घरच्यांनी बंद केला. त्यामुळे हे पत्र लिहावंच लागलं. त्या लेखातला सल्ला चुकीचा आहे, आणि माझ्या कामाची कल्पनाही त्यात चुकीची दिली आहे.

आज पानभर कोड लिहून द्यायला एआयची साधनं आहेत. मीही ती रोज वापरते. काय हवं ते सांगितलं की कोड समोर येतो, आणि पुष्कळदा चालतोही. मग माणसाला उरतं काय? मुळात काय हवं आहे ते नेमकं मांडणं, आलेला कोड वाचणं, आणि वरून ठीक दिसणाऱ्या कोडमधली खोट हेरणं. यासाठी कान लागतो, भाषा लागते, विचार करायची सवय लागते. लेखाने नेमकं तेच 'अवांतर' ठरवलं आहे.

आपल्याच तालुक्यातल्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र कोमकाळीमठ जन्मले. तेच कुमार गंधर्व. लहान वयात ते थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवत आणि ऐकणारे थक्क होत. एआयचं साधन आज त्या मुलाच्या जागी आहे असं मला वाटतं : ऐकलेलं सगळं हुबेहूब, आणि तेही क्षणात. पण कुमारजी तिथे थांबले नाहीत. मुंबईला बी. आर. देवधरांकडे गेले, तिथे वेगवेगळ्या घराण्यांची गायकी समजून घेतली. पुढे क्षयाने गाठलं, एक फुप्फुस निकामी झालं, १९४८ मध्ये देवासला जावं लागलं आणि काही वर्षं गाणंच बंद झालं. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं कानावर येत राहिली. त्या ऐकण्यातून धुनउगम राग, म्हणजे लोकधुनांतून घडलेले राग, आले. नंतर त्यांनी कबीराची निर्गुणी भजनं गायली. ती ऐकताना कुणाच्या नकलेची आठवणही होत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी हे सविस्तर सांगते. मग साधनाने दिलेला कोड ओळीन् ओळ वाचायला लावते, स्क्रीन बंद करायला सांगते आणि तेच काम स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहून घेते. जी मुलं गाणं किंवा तबला शिकलेली असतात त्यांना हे जाचक वाटत नाही. गुरूसमोर बसून एकच पलटा, म्हणजे स्वरांची ठरलेली रचना, घोटायची त्यांना सवय असते.

तत्त्वज्ञानाचंही तसंच. न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, सोपं करून सांगणारा अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' संस्कृतच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो, इंजिनिअरिंगच्या मुलांनी नावही ऐकलेलं नसतं. न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत. 'शिंगं असतात ती गाय' म्हटलं तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाची ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'एकच खूर असतो ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. प्रोग्रॅममधली प्रत्येक अट मी या तिन्ही प्रश्नांवर घासून बघते. आमच्या भागातलंच उदाहरण घ्या. नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने सक्तीचे असतात. मराठी घरात ते बसतात. शेजारच्या कानडी घरात पुष्कळदा नावाआधी फक्त आद्याक्षरं असतात, आडनाव लिहीतच नाहीत. फॉर्म त्यांना पुढे जाऊ देत नाही, मग माणूस आडनावाच्या जागी गावाचं नाव घालतो किंवा नुसता एक ठिपका देतो. ही शुद्ध अव्याप्ती. मुलांना हे नाव कळलं की चूक पटकन दिसू लागते.

अशीच एक गोष्ट 'ळ'ची. शाळेत आपण वर्णमाला शिकलो तिच्यात ह, मग ळ, मग क्ष, ज्ञ. कानडी वर्णमालेतही ळ हच्या नंतरच येतो. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात मात्र दोन्ही लिप्यांचा ळ लच्या शेजारी बसवला आहे, कारण भारतीय लिप्यांचे तक्ते तिथे एकमेकांना समांतर मांडले आहेत. त्या क्रमांकांवरून यादी लावली की 'काळे' येतात 'कासार'च्या आधी. भाषेनुसार क्रम लावायचे नियम तयार आहेत, ते प्रोग्रॅममध्ये वापरायचे एवढंच. पण यादी चुकली आहे हे आधी डोळ्याला खटकायला हवं, आणि ते खटकतं शब्दकोश चाळणाऱ्याला.

विनोदाबद्दल थोडं. आज शाळाकॉलेजांत शिकवली जाणारी पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात लिहायला घेतली. तिचं नाव सापावरून आलेलं नाही, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या दूरदर्शन कार्यक्रमावरून आलं आहे. आणि पु. ल. देशपांडे तर आपल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, हार्मोनियम वाजवत होते. त्यांनी बेळगावचे रावसाहेब लिहिले ते इथल्या माणसाच्या तोंडची कानडी वळणाची मराठी कानात साठवून. असा कान प्रोग्रॅमरलाही लागतो. दुकानातला साधा संवाद मी एका साधनाला दिला, तर त्याने तो पाठ्यपुस्तकी करून परत दिला, बोलणारा माणूसच त्यातून गेला. ॲपमध्ये 'अवैध निविष्टी' असं लाल अक्षरात दिसलं तर खडेबाजारातला दुकानदार काय समजणार? 'मोबाईल नंबर दहा आकडी हवा' असं लिहिलं की काम होतं. हे वाक्य सुचायला माणसं कशी बोलतात ते ऐकलेलं असावं लागतं.

परीक्षांचं ओझं मला ठाऊक आहे, आणि फी भरणाऱ्या आई-वडिलांची काळजीही मी समजू शकते. नोकऱ्यांबद्दल आज कुणालाच खात्री देता येत नाही, मीही देत नाही. पण आठवड्यातून दोन तास हार्मोनियमवर बसल्याने कोडिंग मागे पडतं, याला आधार काय, तो त्या लेखात कुठेही दिलेला नाही.

माझी विनंती अशी, की पुढच्या पुरवणीत याच विषयावर शहरातल्या एखाद्या संगीत शिक्षकांचा आणि न्यायशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांचा लेख संगणकाच्या लेखाशेजारी छापावा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्या मराठी-कानडी मुलांना आपल्या भाषेतली यादी संगणकावर नीट लावायला शिकायचं आहे, त्यांच्यासाठी एखाद्या वाचनालयाने रविवारी सकाळी खोली दिली तर मी विनामूल्य शिकवायला येईन. गाण्याच्या क्लासच्या वेळा सांभाळून आपण वेळ ठरवू.

आपली,
एक संगणक अभियंता, शहापूर, बेळगाव