पूर ओसरला की नावेची वाट बदलते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पूर ओसरला की चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या कृष्णाकाठी नावा पुन्हा पाण्यात पडतात, पण चालतात त्या गेल्या साली ठरलेल्या रेषेने. वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा, मात्र तिथे राहिलेला नसतो. वळणावर पाणी बाहेरचा काठ कातरते आणि आतल्या अंगाला वाळू टाकते. दूधगंगा मिळते तशा संगमाखालीही ढीग साचतो. पाणी उतरू लागले की हा ढीग वीतभर पाण्याखाली दडतो, आणि गढूळ पाण्यात वरून काही कळत नाही.

दांड्याची वरची बाजू पसरट उताराची असते, खालची कड एकदम तुटलेली. त्यामुळे वरून येणारी नाव अलगद चढते, आणि ढकलायला उतरलेला माणूस दोन पावलांत डोहात जातो. वाळू उपशाचे खड्डे वेगळेच. म्हणून रुतल्यावर कुणी उतरू नये. नाकाड, म्हणजे नावेचे पुढचे टोक, रुतले असेल तर माणसे सावकाश मागे सरकवावीत आणि बांबूने रेटून नाव आल्या वाटेने मागे घ्यावी. नाव धारेला आडवी झाली तर भार नावेच्या दांड्याकडच्या बाजूला हवा. घाबरून सगळे धारेकडे झुकले की पाणी आत येते. मोटारीच्या नावेत मागची लाट अचानक उंच उठली आणि इंजिन घुसमटले की तळ जवळ आला समजावे. तिथे वेग वाढवणे म्हणजे पंखा वाळूत घालणे.

उपाय खर्चाचा नाही. बारा फुटी बांबूवर फुटाफुटाला तेलरंगाच्या खुणा करून एका काठापासून दुसऱ्यापर्यंत दर नावेच्या लांबीला खोली घ्यावी. भरलेली नाव जितकी बुडते त्याहून किमान फूटभर जास्त पाणी हवे. खोल वाट सापडली की काठावर दोन खांब पुढेमागे रोवावेत, मागचा उंच. दोन्ही एका रेषेत दिसले की नाव वाटेवर आहे. खालच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की सकाळची खोली संध्याकाळी राहत नाही, म्हणून त्याची वर्दी घाटावर आधी यायला हवी.

राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 4 मध्ये कृष्णा बागलकोट जिल्ह्यातल्या गलगलीपासून खाली धरली आहे. आपला पट्टा त्याच्या वर. तेव्हा खांब रोवायला सरकारकडून कुणी येईल ही आशा नको. ग्रामपंचायतींनी दिवाळीआधी हे काम करून घ्यावे आणि पहिली फेरी माणसे न घेता मारायला लावावी.

आपला,
एक वाचक, ता. चिकोडी