तपकिरी पट्टा

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

परवा तुझा फोन तीन मिनिटांत आटोपला, पण एक वाक्य डोक्यातून जाईना. ‘एन-९५ लावतो रे, तरी थिनरचा वास येतोच. आणखी भारीतला मास्क सांग.’ फोनवर सांगितलं असतं तर तू अर्धंच ऐकलं असतंस, म्हणून लिहायला बसलो.

वास येणारच. एन-९५ हा धुळीचा मास्क. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, अडवायला सगळ्यांत चिवट कणसुद्धा तो शंभरातले किमान ९५ अडवतो. पण थिनरची वाफ म्हणजे कण नव्हेत. पिठाच्या चाळणीने पाण्यातलं मीठ निघतं का? तसंच हे. एमडीएफ कापताना, पॉलिश पेपर मारताना तोच मास्क खुशाल लाव, तिथे तो चोख काम करतो. स्प्रे गन हातात घेतलीस की मात्र प्रश्न बदलला.

मी हे ठेच लागूनच शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बंद खोलीत तोंडाला फडकं बांधून दोन तास मशीनची कव्हरं रंगवली. जेवायला बसलो तर भाकरीलासुद्धा थिनरची चव. उठलो तेव्हा भिंत धरावी लागली. सुपरवायझर म्हणाला, ‘गूळ खा, छाती साफ होते.’ गुळाने तोंड गोड होतं, दत्ता, फुप्फुस नाही. आमच्या फाउंड्रीच्या पट्ट्यात हा समज अजून टिकून आहे, आणि वाळूच्या सिलिका धुळीने दम लागलेली माणसंही आहेत.

तुला लागतो तो नाक-तोंड झाकणारा रबरी हाफ मास्क, त्याला दोन्ही बाजूंना कार्ट्रिज, म्हणजे वाफ धरणाऱ्या बदलत्या डब्या. आत सक्रिय केलेला कोळसा असतो, बऱ्याचदा नारळाच्या करवंटीचाच. तुमच्याकडे आपण करवंटी चुलीत घालतो, इथे तीच थिनरची वाफ धरून ठेवते. युरोपी पद्धतीच्या कार्ट्रिजवर तपकिरी पट्टा आणि ‘ए’ हे अक्षर असतं, पुढचा आकडा ती किती वाफ साठवते ते सांगतो. तुला ए२ घे. तिच्यासोबत धुळीचा पी२ किंवा पी३ फिल्टरही हवा, कारण गनमधून वाफेबरोबर बारीक थेंबही उडतात. हिरवा पट्टा अमोनियाचा, पिवळा सल्फर डायऑक्साईडचा, ते तुझ्या कामाचे नाहीत. आणि दुकानदार ‘काळा पट्टा देऊ का’ म्हणाला तर गोंधळू नकोस, अमेरिकी पद्धतीत याच वाफेला काळा रंग आहे. रंगावर जाऊ नकोस, लेबल वाच.

धुळीचा फिल्टर भरला की श्वास जड होतो, आपल्याला कळतं. कार्ट्रिज भरली तर काहीच कळत नाही. मी एकदा महिनाभर ती खिळ्याला उघडी टांगून ठेवली होती. वापरली दोन-चार तास, पण कोळसा दिवसरात्र हवा पीत होता. तुमच्याकडच्या पावसाळी दमटपणात तर तो आणखी लवकर संपतो. काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, वर मार्करने तारीख आणि वापरलेले तास लिही. वास येईपर्यंत थांबू नकोस.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. तू पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश मारतोस, दोन डब्यांतलं. त्यातल्या हार्डनरमध्ये, म्हणजे पॉलिश कडक करणाऱ्या डब्यात, आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. नाकाला कळण्याआधीच ते घातक पातळीला पोचलेलं असतं, आणि एकदा का शरीराने त्याचा राग धरला, की पुढे कणभर शिरलं तरी दमा उसळतो. त्यासाठी कार्ट्रिजवर विसंबायचं नाही, बाहेरून नळीने स्वच्छ हवा येणारा मास्क लागतो. तोही तुझ्या जुन्या कॉम्प्रेसरला थेट जोडायचा नाही, तेलाचा धूर छातीत जाईल. खर्चिक आहे, मान्य. मग हार्डनर न लागणारं पाण्यावरचं पॉलिश चालतं का बघ, आणि मागच्या भिंतीला बाहेर फेकणारा पंखा बसव. तो मास्कच्या आधी.

दाढीचं काय करायचं ते तूच ठरव. पण रबराची कड गालाला चिकटली नाही, तर बाजूने हवा शिरते आणि फिल्टर नुसता शोभेला राहतो. आमच्याकडे मास्क लावलेल्या माणसाभोवती केळ्याच्या वासाचं रसायन फिरवतात. केळं कळलं, की मास्क बसलेला नाही. शिमग्याला कुडाळला येताना ती बाटली आणतो. तोवर हार्डनरच्या डब्याच्या लेबलचा फोटो पाठव.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या

ता. क. विहीर उपसायला डिझेल इंजिन आत उतरवायचं म्हणालास, ते अजिबात करू नकोस. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड तपकिरी पट्ट्याच्या कोळशाला धरवत नाही, आणि खाली प्राणवायू कमी पडला तर कुठलाही फिल्टर तो आणून देत नाही. विजेचा पंप दोरीने सोड, माणूस कोणी उतरवू नकोस.