डुकराच्या शिकारीला जायचं तर जा, पण आधी कागद

मनू,

काल रात्री तुझा मेसेज बघितला, पुढच्या महिन्यात ऑफिसच्या मित्रमैत्रिणींबरोबर रानडुकराच्या शिकारीला जायचं चाललंय म्हणून, आणि खाली तो हसायचा इमोजी. आई झोपली होती म्हणून बरं. मला खरं सांगायचं तर हसूच आलं, संगमेश्वर तालुक्यातली पोरगी, घरच्या भाताला दरवर्षी डुक्कर लागतं, आणि डुक्कर मारायला जाणार कुठे तर टेक्सासला! फोनवर हे सगळं बोलता येत नाही, तू मध्येच हो बाबा हो बाबा करतेस आणि मग तुझी कुठलीतरी मीटिंग सुरू होते, म्हणून बसून टाईप करतोय. लांबेल, पण वाच.

आधी कागदाचं. तुझे मित्र तुला सांगतील की टेक्सासात डुकराला लायसन्स बिसन्स काही लागत नाही, जमीनमालक हो म्हणाला की झालं. ते खोटं नाही सांगत, सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला तिथे शिकारीचं लायसन्स लागत नाही. पण हे त्यांना ठीक, ते तिथले नागरिक. तू एच-१बी वर, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आहेस. तुमच्या तिकडच्या केंद्राच्या कायद्यात असं आहे की अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक नाहीतर काडतूस जवळ बाळगणं हाच मुळात गुन्हा, आणि त्यातून जी थोडी सूट आहे त्यातली एक म्हणजे तुझ्याकडे तिथल्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असणं. म्हणजे गंमत बघ, डुक्कर मारायला लायसन्स नको पण बंदूक हातात धरायला तुला हवं. आणि बंदूक माझी नव्हती, मित्राची होती, पाचच मिनिटं घेतली, असलं काही चालत नाही, हातात घेतली म्हणजे बाळगली असंही धरू शकतात. एवढं शिकून एवढी वर्षं रांगेत उभी राहून मिळालेला व्हिसा एका डुकरापायी घालवायचा नाही.

तेव्हा लायसन्स काढ. तू तिथली रहिवासी धरली जातेस का ते बघ, सहा महिने सलग राहिलं की धरतात, मग पंचवीसेक डॉलरचं काम आहे. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण म्हणून एक कोर्सही करायला सांगतात, तो ऑनलाईन होतो, तुला एक रविवार पुरेल. आणि तारीख बघून घे, तिथलं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं मग तू ते जूनमध्ये काढलेलं असो की सप्टेंबरात. वर कंपनीचा जो इमिग्रेशनचा वकील आहे त्याला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घे. त्याला विचारायला लाजू नकोस, त्याला पगार त्याच कामाचा मिळतो.

आता डुकराबद्दल. तुला आठवत असेल आपल्या खालच्या शेताला सगळीकडून आईच्या जुन्या साड्या बांधलेल्या असायच्या, तू शाळेत असताना मैत्रिणींना घरी आणायला लाजायचीस त्यावरून. अजून बांधतो. शेजाऱ्यांनी सलूनमधले केस आणून बांधावर टाकून बघितले, एकाने सोलरवर चालणारं झटका मशीन बसवलंय, ते त्यातल्या त्यात बरं चालतं. पण डुक्कर हुशार जनावर, चार दिवस घाबरतं, पाचव्या दिवशी त्याला कळतं की साडीच्या आत बाई नाही. एका रात्रीत कळप आला की भात खातो त्याच्या कितीतरी पट लोळून आणि उकरून घालवतो. सुरण, कणगर, रताळी, केळीचे गड्डे, नारळाची कोवळी रोपं, काही म्हणून सोडत नाही. मग सातबारा, फोटो, पंचनामा, आणि भरपाई येते तेव्हा पुढच्या पेरणीची वेळ झालेली असते.

आणि मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानडुक्कर आहे, २०२२ ला कायदा बदलला तेव्हा ते संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या अनुसूचीत (यादीत) गेलं. पिकाला धोका असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घेऊन मारता येतं असं कायद्यात आहे, पण तोवर डुकराचं जेवून होतं. शेतीसंरक्षणाचा परवाना घेतलेल्या बंदुका आहेत गावात थोड्या, त्यासुद्धा निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता लागली ऐन ऑक्टोबरात, भात पिकून उभं, आणि बंदुका ठाण्यात. डुकरांना कोणीतरी आधीच कळवलं होतं बहुतेक. मग काही लोक चोरून फासकी लावतात, त्यात डुक्कर सापडायच्या ऐवजी बिबट्या अडकतो, पेपरात फोटो येतो. काहीजण तारेत डायरेक्ट करंट सोडतात त्यात माणसं मेलीत. मी दोन्हीच्या विरुद्ध आहे, सभेत बोललोय तसं, त्यामुळे माझ्याशी दोन घरं बोलत नाहीत.

तुझे आजोबा मात्र शिकारी. ठासणीची बंदूक होती, कायदा दिल्लीत झाला होता पण आमच्या वाडीत पोचायला बराच वेळ लागला. मी हाक्याला जायचो, हाका म्हणजे आम्ही पोरं आणि बाप्ये डबे, ताशे, नुसता आरडाओरडा करत एका बाजूने रान उठवत जायचो आणि बंदूकवाले पलीकडे डुकराच्या वाटांवर जागा धरून बसलेले. कोणी कुठे बसायचं ते एकच माणूस ठरवायचा, वयाने मोठा, आणि एकदा जागा दिली की हाका संपल्याची हाळी येईपर्यंत तिथून उठायचं नाही. तंबाखू मळायला पण नाही. ह्या एका नियमावर माणसं जिवंत परत यायची. कारण डुक्कर कमी मारतं गं, शिकारीत माणूस माणसाला मारतो, झुडूप हललं की बार टाकला आणि झुडपात आपलाच गडी, अशा बातम्या अजून येतात कोकणातल्या पेपरात. म्हणून तिकडे गेल्यावर पहिल्यांदा हे विचार की म्होरक्या कोण. सगळेच मित्र आहेत, सगळेच सारखे, कोणी म्होरक्या नाही असं असेल तर तू गाडीत बस.

मी वाचलं की तिकडे रात्री मारतात, मक्याचे दाणे टाकायचे, उंच मचाणासारख्या खोक्यात बसायचं, आणि थर्मल दुर्बीण. त्यात ऊन अंग पांढरं दिसतं म्हणे. डुकराचं अंग ऊन, वासराचं ऊन, कुत्र्याचं ऊन आणि तुझ्या मैत्रिणीचं पण ऊनच. काय आहे ते पूर्ण ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय बंदुकीच्या चापात बोट घालायचं नाही. बिअरचा खोका परत आल्यावर उघडायचा. ह्यावर मला तुझं काही ऐकायचं नाही.

वारा बघ. डुकराची नजर काही खास नाही पण नाक जबर आहे, वारा तुझ्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर रात्रभर बसून मच्छरच मिळतील. परफ्यूम, तो तुझा नारळाच्या वासाचा शाम्पू, बंद. जखमी डुकराच्या मागे लगेच जाळीत शिरायचं नाही, कोणी कितीही शूर असो. मोठा एकटा फिरणारा नर असतो त्याच्या खांद्यावर चिलखतासारखी जाड कातडी असते, गोळी लागूनही तो पळतो, आणि वळला तर खालून वर सुळा मारतो, मांडीच्या आतली शीर गेली तर दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस राहत नाही. आमच्या वेळेला सगळ्यात चांगले कुत्रे असेच गेले.

तिकडची डुकरं मुळात तिथली नाहीतच हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. १५३९ साली दे सोतो नावाचा स्पॅनिश माणूस फ्लोरिडात उतरला तो जहाजातून डुकरं घेऊन, चालतं फिरतं मटण म्हणून. पुढे वस्तीवाल्यांनी पाळीव डुकरं मोकळी चरायला सोडली ती रानटी झाली, आणि १९३० च्या आसपास काही रँचवाल्यांनी हौसेच्या शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, ती ह्यांच्यात मिसळली. आता एकट्या टेक्सासात वीस लाखांच्या वर आहेत म्हणतात. मादी वर्षाच्या आत वयात येते, पावणेचार महिन्यात विते, एका वेळी पाच सहा पिल्लं. दरवर्षी तीनात दोन काढली तर कुठे संख्या आहे तिथे राहते, असा त्यांच्याच तज्ज्ञांचा हिशेब आहे. त्यामुळे आम्ही शेतकऱ्यांवर उपकार करायला चाललो असं कोणी म्हणत असेल तर त्याला म्हण पिंजरे लाव, अख्खा कळप एकदम आत घेणारे मोठे पिंजरे, त्याने फरक पडतो. एकाला गोळी घातली की बाकीचे शहाणे होतात एवढंच. तुम्ही मजेला चाललाय, मजेला चाललोय असं म्हणा. मला मजेचं वावडं नाही.

फक्त ते हेलिकॉप्टरचं नको. २०११ पासून तिथे हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला परवानगी आहे, पर्यटकांकडून पैसे घेऊन नेतात, व्हिडिओ बघितले मी दोन, तिसरा लावला नाही. शेत वाचवायला कोणी करत असेल तर करो, पण वरून उडत पळणाऱ्या जनावरावर नुसत्या गोळ्या सोडायच्या आणि खाली पडलेलं कुजू द्यायचं, ही कसली शिकार. आपल्याकडे डुक्कर पडलं की वाटे व्हायचे. ज्याचा बार लागला त्याला जास्तीचा वाटा, बाकी हाक्यातल्या प्रत्येकाला सारखा, मग तो दहा वर्षाचा पोरगा का असेना, आणि ज्या घरात कमावता पुरुष नाही त्या घरी आजोबा न विचारता पाठवायचे. तेव्हा तुम्ही मारलंत तर सोलायला, कापायला तू पण हात लाव, नुसता फोटो काढून बाजूला उभी राहू नकोस.

पण हातमोजे घालून. रबराचे, कोपरापर्यंतचे. रानडुकरांत ब्रुसेलोसिस असतो, आपल्या गाईंचा गाभ पडतो त्याच जातीचा रोग, हातावरच्या बारीक खरचटलेल्यातून सुद्धा शिरतो आणि ताप महिनोन्‌महिने जात नाही. मटणात किडेही असतात डोळ्याला न दिसणारे, तेव्हा ते तुमचं मधे गुलाबी ठेवायचं फॅड इथे नाही चालणार, आत ७१ डिग्रीला गेलं पाहिजे. कुकर आहेच तुझ्याकडे. भरपूर आलं लसूण, भाजक्या खोबऱ्याचं वाटप, आपला घरचा मसाला, चार कोकमं, आणि शिट्ट्या मोजत बसू नकोस, होऊ देत. मोठ्या नराचं मटण उग्र लागतं, मध्यम मादी बरी.

सुळा वगैरे आठवण म्हणून दिवाळीत बॅगेतून आणू नकोस, वन्यप्राण्याचे अवयव कस्टममध्ये पकडतात आणि मग मुंबई विमानतळावर मी तुला घ्यायला तासन्‌तास उभा. फोटो पण फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, तुझ्या आत्याला मी काय उत्तर देऊ, ती माळकरी आहे.

लायसन्स आणि त्या वकिलाचं उत्तर दोन्ही आलं की मला एकट्याला पाठव, मग आईशी मी बोलतो. तोवर तिला सांगायचं की तुम्ही कॅम्पिंगला चाललाय.

बाबा