शाहूपुरीत धावून आलेल्या तरुणांचे आभार

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरी कुंभार गल्लीत शिरले, तेव्हा वडिलांच्या अखेरच्या आजारपणावरची माझी तैलचित्रे तळमजल्यावरच होती. घरचे दुखणे चव्हाट्यावर मांडले म्हणून याच चित्रांपायी थोरल्या भावाने माझ्याशी बोलणे सोडले होते. कमरेइतक्या पाण्यातून तालमीची पोरे आली आणि एकेक कॅनव्हास डोक्यावर धरून त्यांनी शेजारच्या माडीवर पोहोचवला. शेवटच्या चित्राचा रंग ओलाच होता. एकाने ते मागच्या लाकडी चौकटीला धरून उचलले, तर दुसऱ्याने अंगातला रेनकोट काढून, रंगाला टेकू न देता, वर ताणून धरला. (हे त्यांना कोणी शिकवले, कोण जाणे!) नावे न सांगताच ते पुढच्या घराकडे वळले. भाऊ अजून बोलत नाही, पण चित्रे शाबूत आहेत, ती केवळ तुमच्यामुळे. तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक आभार.