कोकणात जा, पण जून बघून

महोदय,

घरून काम करणाऱ्यांनी मुंबई-पुण्याचे भाडे सोडून कोकणात राहायला यावे, असा सल्ला हल्ली जो तो देतो. भाडे वाचते, हे खरेच. पण खरी परीक्षा जूनमध्ये होते. गावातली इंटरनेटची फायबर केबल बहुधा विजेच्या खांबांवरूनच ओढलेली असते. फांदी पडली की वीज आणि इंटरनेट एकदमच जाते. वीज परतली तरी केबल जोडणारा तालुक्याहून यायचा असतो.

दोन कंपन्यांची सिमकार्डे घेऊनही भागेलच असे नाही. दोघांचे अँटेना अनेकदा एकाच टॉवरवर असतात आणि टॉवरची बॅटरी काही तासांत संपते. सिम घेण्याआधी दोन्ही टॉवर वेगळे आहेत ना, ते पाहा.

इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा असा १५० वॅटचा भार सात-आठ तास ओढते. त्यावर फ्रिज लावला की गणित कोसळते. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा हवा, नाहीतर वीज जाताना तो रीस्टार्ट होतो आणि मीटिंग तुटते. (पत्र्याच्या छपराखाली जुलैत मीटिंग घेणे म्हणजे ताशाशेजारी बसून हिशेब करणे!)

आरोग्य विम्याचेही तसेच. काही पॉलिसींत लहान गावाचा हप्ता कमी असतो, पण उपचार मुंबईत घेतले तर बिलाचा काही हिस्सा स्वतः भरावा लागतो.

शहरातले घर लगेच सोडू नये. आधी लिव्ह अँड लायसन्स करारातला लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो) तपासावा.

– एक वाचक, चिपळूण