कोकण कपिलेच्या रेतमात्रा कोकणातल्या दवाखान्यांत मिळाव्यात

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०१८ मध्ये कोकण कपिला या कोकणातल्या देशी गाईला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यासाठी घेतलेले कष्ट मोठे आहेत. तरीही गोठ्यातली ही गाय पिढीगणिक विरळ होत आहे. कारण ती माजावर आली की दवाखान्यात जी रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठी साठवलेले वळूचे वीर्य) असेल ती भरली जाते, आणि ती बहुधा गीर, साहिवाल किंवा जर्सीची असते.

दुधाच्या लिटरवर मोजली तर ही गाय हरणारच, आणि आजवर ती त्याच मापाने मोजली गेली. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा दमट असते, जमीन उताराची आहे आणि उन्हाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वाळल्या गवतापलीकडे काही उरत नाही. अशा मुलखात लहान चणीच्या, कमी चाऱ्यावर भागवणाऱ्या आणि टणक खुरांनी जांभ्या कातळावर दिवसभर चरणाऱ्या जनावराला पर्याय नाही. जिथे ट्रॅक्टर वळत नाही, अशा अरुंद खाचरांत याच जातीची बैलजोडी चिखलणी करते. लहान बांध्याच्या गाईला थोराड जातीचे रेतन केले की वासरू पोटात मोठे भरते आणि गाय विताना अडण्याचा धोका वाढतो. जर्सीच्या संकरित गोऱ्ह्याला तर जू टेकण्यापुरते वशिंडही नसते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' हा दर्जा दिला आणि गोशाळांसाठी प्रत्येक देशी गाईमागे दररोज ५० रुपयांचे अनुदान मंजूर केले, याचे मनापासून स्वागत आहे. मात्र जात टिकते ती शेतकऱ्याच्या दावणीला, आणि तिथे आज वळूच उरलेला नाही. जे आहेत ते गावठी ठरवून खच्ची केले जातात.

म्हणून विनंती अशी, की खच्चीकरणापूर्वी कोकणातल्या प्रत्येक वळूची जातलक्षणे तपासावीत, निवडक वळूंच्या गोठित रेतमात्रा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सर्व पशुवैद्यकीय दवाखान्यांत ठेवाव्यात आणि रेतनापूर्वी पशुपालकाला जात विचारणे बंधनकारक करावे. दवाखाना लांब असलेल्या वाड्यांना नोंदणीकृत वळू व त्याच्या खुराकाचा खर्च द्यावा. त्याच्याच कालवडींशी त्याचा संकर होऊ नये म्हणून दर तीन वर्षांनी तो दुसऱ्या गावी बदलावा.

आपला नम्र,
कोकणातील एक पशुपालक